आलेला प्रत्येकजण बटण नसतो

प्रिय भाऊजी,

सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? माझं बरं आहे. म्हणजे ह्यांच्या मागे दोन वर्षांत जेवढं असू शकतं तेवढं.

दवाखान्यात नंबराची चिठ्ठी देणारा ह्यांचा प्रोग्रॅम अजून मीच सांभाळते. (ह्यांची पुस्तकं कपाटात धूळ खात होती आणि मी कपाटाबाहेर, म्हणून वाचायला बसले.) पेशंटने पडद्यावरचं बटण दाबलं की चिठ्ठी निघते. पण म्हाताऱ्यांना अक्षरं दिसेनात, म्हणून ‘दात दुखतो’ हे बटण काढून मी तिथे दाताचं चित्र लावलं. पहिल्याच आजींनी बोट लावलं आणि प्रोग्रॅम आडवा. आजी म्हणाल्या, “मी काही केलं नाही हं.” डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, “वहिनी, पुरे झालं आता. शनिवारपर्यंत नीट झालं तर ठीक, नाहीतर मी नवा करून घेते.”

तीन दिवस शोधलं. प्रोग्रॅमच्या लेखी बटण काय, चित्र काय, एकाच मूळपुरुषाची लेकरं. बोट कुठेही लागलं तरी आत निरोप एवढाच जातो, की घराण्यातलं कुणीतरी आलंय. ह्यांनी बेधडक लिहून ठेवलेलं, आलंय ते बटणच. (तुमच्या लग्नात तुमच्या सासऱ्यांनाच मांडववाला समजून ह्यांनी खुर्च्या उचलायला लावल्या होत्या, आठवतं?) चित्राला बटण म्हटल्यावर मशीन हटून बसलं. मग मी ‘बटण असेल तरच’ अशी अट घातली. प्रोग्रॅम पडला नाही, पण चिठ्ठीही निघेना; एक गृहस्थ सुजल्या गालाने बराच वेळ चित्र कुरवाळत उभे होते. शेवटी कळलं, चिठ्ठीवर छापायची तक्रार ज्या खिशात असते तो खिसा एकट्या बटणाचा नव्हेच, मूळपुरुषाकडून सगळ्या लेकरांना वारशाने मिळालेला. तेव्हा कोण आलं हे विचारायचंच नाही. घरचंच माणूस म्हणायचं आणि खिसा बघायचा. एका शब्दाचा बदल. दोन वर्षांत पहिल्यांदा ह्यांच्यावर रागावायला मिळालं, बरं वाटलं.

शनिवारी डॉक्टरीणबाईंनी स्वतः चिठ्ठी काढून पाहिली. “बघू,” म्हणाल्या.

तुमची,
वहिनी

ता. क. : नवा प्रोग्रॅम डॉक्टरीणबाई तुमच्याकडूनच करून घेणार आहेत, हे मला ठाऊक आहे. विचारतील तेव्हा नाही म्हणा.

ता. क. २ : हो म्हणून झालं असेल तर तसं कळवा, मी रागावणार नाही. मात्र बसवायला तुम्हीच या. जुना माझ्याच्याने पुसवणार नाही.