मागच्या रस्त्याचे चाळीस किलोमीटर

सोमवार, ३ मार्च

पाचपैकी दोन तारे. दोन!

कॅन्टीनमध्ये उभ्या उभ्या वाचलं. आधी वाटलं पान चुकलं, दुसऱ्याच कुणाच्या गाडीबद्दल आहे. पण फोटो आमचाच — निळी गाडी, मागच्या झाकणावर आमच्या विभागाची लाल रेघ. आणि परीक्षण न्यायाधीशाचं. (त्याला आम्ही सगळे न्यायाधीशच म्हणतो. तीस वर्षं गाड्यांवर लिहितोय. बाकीचे समीक्षक आधी त्याचं वाचतात आणि मग स्वतःचं मत बनवतात, असं माझं मत आहे.) लिहितो काय — "या विभागाच्या गाड्या रस्त्याला समजून घ्यायच्या. ही गाडी रस्त्याशी भांडते."

भांडते म्हणे! अरे, जुन्या गाडीपेक्षा ट्रॅकवर नऊ सेकंदांनी पुढे आहे ती. लवकर थांबते, वळणावर कलत नाही. एक आकडा दाखव जो सुधारलेला नाही. दोन वर्षं मी त्या स्प्रिंगांच्या मागे घालवली आहेत, घरच्यांनी नाव टाकायची वेळ आली होती. चहा तसाच राहिला.

मंगळवार, ४ मार्च

आणखी तीन परीक्षणं आली. तिन्हींत "भांडते" हा शब्द आहे. म्हटलं नव्हतं?

साहेबांनी सगळ्या विभागाला बोलावलं. त्यांचा आवाज कधी नव्हे इतका शांत होता. मुख्य कंपनी बनवते मोठ्या, गुबगुबीत, आरामशीर गाड्या. त्यातल्याच काही घेऊन आम्ही एकवीस जण त्यांना पळायला शिकवतो — इंजिन, ब्रेक, स्प्रिंगा, सगळं नवं. आता वरचे लोक विचारतायत की वेगळा विभाग हवाच कशाला, लाल रेघ तर कारखान्यातही चिकटवता येईल. महिनाअखेर निर्णय. साहेबांनी न्यायाधीशाच्या हातापाया पडून एकच गोष्ट पदरात पाडून घेतली आहे. सुधारलेली गाडी तो २४ तारखेला पुन्हा चालवून बघेल.

सुधारायचं काय, असं मी विचारलं. ते तूच सांगायचंस, म्हणाले. जागेवर येऊन सगळे आलेख पुन्हा उघडून बसले.

गुरुवार, ६ मार्च

सगळ्यांच्या डोक्यात एकच प्रश्न आहे आणि विचारायची कुणाची छाती नाही. काकांनी ही गाडी पास केलीच कशी?

काका म्हणजे आमचे मुख्य चाचणीचालक. सख्खे कुणाचेच नाहीत, काका मात्र सगळ्यांचे. आकडे कितीही गोजिरे येवोत, शेवटचा शब्द त्यांचा. पद्धत ठरलेली — गाडीतले आकडे दाखवणारे सगळे पडदे कागद लावून झाकायचे आणि ट्रॅकच्या मागचा फुटका रस्ता, चाळीस किलोमीटर, एकट्याने चालवून यायचा. परत आल्यावर किल्ली माझ्या हातात दिली तर पास. भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली तर नापास. वर तीनच शब्द, "अजून मऊ कर." अहवाल नाही, चर्चा नाही. बारा वर्षांत एकही गाडी पहिल्या फेरीत सुटली नव्हती. मागची तर अकरा वेळा खिळ्यावर गेली. अकराव्या वेळी मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते.

आणि ही पहिल्याच फेरीत पास! नोव्हेंबरात. किल्ली माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, मस्त झालीय गं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, चला, आपल्याला शेवटी जमलं.

शुक्रवार, ७ मार्च

काकांच्या समोर जाऊन बसले. परीक्षणाची घडी करून खिशात घेऊन हिंडतायत. दोनदा काढून वाचलं, दोनदा ठेवलं. "मला खरंच छान वाटली होती," एवढंच म्हणाले. चेहरा असा झाला होता की मला पुढे विचारवेना. काका चुकू शकतात हे माझ्या गळ्याखाली उतरतच नाहीये.

रविवार, ९ मार्च

हादरले आहे. लिहून काढल्याशिवाय जेवण जाणार नाही.

सकाळी काकांच्या घरी गेले. ते बाहेर गेले होते. काकू कपड्यांना इस्त्री करत होत्या. बसायला सांगितलं आणि सहज बोलून गेल्या की आता रोज तासभर चालायला जातात, ऑपरेशन झाल्यापासून माणूस नवाकोरा झालाय.

कसलं ऑपरेशन? मी असं विचारल्यावर त्यांच्या हातातली इस्त्री तशीच राहिली. त्यांना वाटलं होतं, मला माहीत आहे. मग काय, सगळं बाहेर आलं. बारा वर्षांपूर्वी, मुख्य चालक झाले त्याच वर्षी, मणक्यातली गादी सरकली. बारा वर्षं हा माणूस जमिनीवर झोपला. मोजे काकू घालून द्यायच्या. वर्षाच्या वैद्यकीय तपासणीत पाठदुखी निघाली तर चालकाची खुर्ची जाते, म्हणून त्या दिवशी कुठल्याशा गोळ्या घेऊन हसत हसत वाकून दाखवायचे. गेल्या जूनमध्ये "मुलीकडे राहायला" म्हणून दीड महिना रजेवर होते ना? तेव्हा ऑपरेशन झालं. आता काही म्हणता काही दुखत नाही.

त्यांच्या जिन्यातच माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी कठडा धरून उभी राहिले. बारा वर्षं "अजून मऊ कर", "अजून मऊ कर". ते गाडीबद्दल नव्हतंच. त्यांना दुखत होतं! दुखायचं थांबलं की गाडी पास. आता मुळात दुखतच नाही, म्हणून माझी दगडासारखी गाडी पहिल्या फेरीत पास!

आणि आम्ही? समीक्षकांनी आमच्या गाड्यांना "संयमी" म्हटलं, "प्रौढ" म्हटलं. एकाने आमच्या तत्त्वज्ञानावर चार पानं खर्ची घातली. साहेब दरवर्षी कॉलेजात जाऊन "रस्त्याशी संवाद" या विषयावर भाषण ठोकतात. संवाद कसला डोंबलाचा! कंबर होती ती. काकांची कंबर! रस्त्यात मला हसू फुटलं. मग कोपऱ्यावरच्या बाकावर बसून रडले. एक बाई थांबून बघत होती.

मंगळवार, ११ मार्च

नवऱ्याला सांगितलं. हा शाळेत भूमिती शिकवतो, गाडी म्हणजे चार चाकं एवढंच त्याला ठाऊक. आधी पोट धरून हसला. मग नेमकं विचारलं, "साहेबांना सांगणार आहेस?"

सांगितलं तर काकांची खुर्ची जाईल, वर बारा वर्षांची फसवणूक म्हणून नाव खराब होईल. ज्या माणसाने मला बोल्ट घट्ट करण्यापासून सगळं शिकवलं, त्याच्यावर ही वेळ मी आणायची? नाही सांगितलं तर किती मऊ करायचं हे मला सांगणारं कुणी नाही. जुन्या गाडीच्या स्प्रिंगा लावून पाहिल्या. ही एकशे ऐंशी किलोंनी जड आहे, नुसती डुलते. स्वतः मागचा रस्ता चालवून आले. मला सगळंच छान वाटतं! पाठ ठणठणीत आहे ना माझी.

बुधवार, १२ मार्च

एक आचरट कल्पना सुचली आहे. कुणालाही सांगायची नाही.

गुरुवार, १३ मार्च

वर्कशॉपमधून मुठीएवढा लाकडी ठोकळा कापून घेतला. रुंद पट्ट्याने कमरेला आवळला, मणक्याच्या डाव्या अंगाला. काकूंनी बोट लावून दाखवलं होतं अगदी तिथे. वरून जाड जॅकेट. पहिल्या खड्ड्याला तोंडातून जे निघालं ते या वहीत लिहिण्यासारखं नाही.

अठ्ठावीस किलोमीटरवर गाडी बाजूला घेऊन मुसमुसून रडले. पण कळलं! पहिला झटका पूर्ण जिरायच्या आत दुसरा येतो, मागची चाकं पुढच्यांपेक्षा उशिरा शांत होतात, डाव्या वळणात गाडी एकदा जास्तच आपटते. हे सगळं माझ्या आलेखांत दोन वर्षं पडून होतं आणि मला दिसलं नव्हतं. परत येऊन मागचं सेटिंग बदललं आणि पुन्हा निघाले.

शनिवार, १५ मार्च

दिवसाला तीन फेऱ्या. नुसतं मऊ करून भागत नाही. पुढे थोडं, मागे बरंच, आणि मऊपणा उशिरा यायला हवा. ट्रॅकवर सहा सेकंद गमावले. आकडे पाहून साहेबांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. त्यांना म्हटलं, विश्वास ठेवा. कशाच्या जोरावर म्हटलं देव जाणे!

मंगळवार, १८ मार्च

काकांनी पकडलं.

गाडीतून उतरताना मी दार धरून आधी एक पाय बाहेर काढला, थांबले, मग दुसरा. समोर काका. तसं उतरणं त्यांच्याइतकं कुणाला ओळखू येणार? जॅकेट काढ म्हणाले. पट्टा बघितला, ठोकळा बघितला. मग मीही काही लपवलं नाही — काकू काय बोलल्या, मला काय कळलं, सगळं सांगितलं. ते जुन्या टायरांच्या ढिगावर बसले. रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखे बघत राहिले.

"बारा वर्षं मला वाटत होतं," ते म्हणाले, "हे दुखणं नसतं तर मी किती चांगला चालक झालो असतो."

त्यांनी स्वतः पट्टा सोडला, ठोकळा भंगाराच्या पिंपात टाकला आणि माझ्याकडून वचन घेतलं की हा वेडेपणा पुन्हा नाही. मी हो म्हटलं. ते गेल्यावर त्याच फळीतून दुसरा कापला.

शुक्रवार, २१ मार्च

काकांनी शेवटची फेरी मारली. सगळे गॅरेजात थांबलो होतो. परत आले, किल्ली मला दिली नाही, खिळ्यालाही अडकवली नाही. बॉनेटवर ठेवली.

"मऊ आहे. बरी की वाईट, ते मला आता कळत नाही. तू ठरव."

सगळ्यांसमोर म्हणाले. मी किल्ली उचलली आणि पास म्हटलं.

सोमवार, २४ मार्च

न्यायाधीश आला. किडकिडीत, पायात कॅनव्हासचे बूट. ट्रॅककडे ढुंकूनही बघितलं नाही! बाजारातून गेला, स्पीडब्रेकरवरून गेला, मागच्या रस्त्यावर गेला. तीन तास. परत येऊन सगळ्यांशी हात मिळवला आणि निघून गेला. काही म्हणजे काही बोलला नाही.

तीन तास मी उभीच होते. सगळे म्हणाले, टेन्शन आलंय हिला, बस जरा. बसवत नव्हतं.

गुरुवार, २७ मार्च

पाच तारे!! पाच!

"गाडीला पुन्हा रस्त्याची दया येऊ लागली आहे. हिच्यामागे कुणीतरी हाडामांसाचं माणूस आहे." मी तीनदा वाचलं. साहेब वाचता वाचता खाली बसले. वरून फोन आला, विभाग राहणार. आम्ही एकवीसच्या एकवीस जण एकमेकांच्या गळ्यात पडलो. मला कुणीतरी कडकडून मिठी मारली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी आनंदाने ओरडले, असं सगळ्यांना वाटलं.

शुक्रवार, २८ मार्च

काकांनी खुर्ची सोडली. साहेबांना कारण सांगितलं, वय झालं. साहेबांनी फार ताणलं नाही. काकांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं — यापुढे शेवटची फेरी हीच मारेल. मुख्य चालक! मी! टाळ्या चालू होत्या आणि मला धड आनंदही होईना, नुसती सुन्न झाले होते. नंतर बाजूला घेऊन म्हणाले की पाठीला जप. हो, म्हटलं.

नव्या चालकाची वैद्यकीय तपासणी येत्या गुरुवारी.

सोमवार, ३१ मार्च

सकाळी उठता आलं नाही. डाव्या पायाला स्पर्शच कळत नाहीये. नवऱ्याने काखेत हात घालून बसवलं. तो डॉक्टरांचा नंबर शोधत होता, मी त्याच्या हातातून फोन घेतला. साहेबांना सांगितलं, ताप आलाय, गुरुवारपर्यंत ठीक होईन.