दोनदा लावलेले दार

३ मार्च, मंगळवार

मी, या वहीचा मालक, वय वर्षे एकोणऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, व्यवसाय टॅक्सीचालक, तूर्त निवृत्त, येथे जे लिहीन ते खरे लिहीन. नाव लिहीत नाही. उभ्या हयातीत लोकांनी मला ‘टॅक्सी!’ अशीच हाक मारली आणि मी थांबून तिला उत्तर दिले. तेच नाव पुरे. प्रकृती ठीक. गाडी चालविण्याचा परवाना अद्याप वैध आहे, हे मुद्दाम नमूद करतो.

लिहिण्यास कारण असे की, या घरात आता माझे मत कोणी विचारीत नाही. आज सकाळी छपरावर काळ्या काचा चढल्या — सौर ऊर्जा! मला कळले ते डोक्यावर हातोडे वाजू लागले तेव्हा. चिरंजीवांना म्हटले, “सूर्य मावळल्यावरच माणसाला दिवा लागतो. एवढी साधी गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही?”

“बाबा, म्हणून तर बॅटरी घेतलीय.”

“बॅटरी मला शिकवू नकोस. पाणी घालून घालून जगविल्या आहेत मी.”

“हिला पाणी लागत नाही.”

पाणी न लागणारी बॅटरी! जिन्याखाली भिंतीवर टांगली आहे, घरातील दिवंगत वडीलधाऱ्यांचा फोटो टांगावा तशी. जाता-येता तिचे दर्शन घ्यावे लागते.

५ मार्च

हिच्याविषयी लिहिल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

माझी पत्नी अंथरुणास खिळून आहे. स्मृतीही गेली. दिवसभर ती मला ओळखत नाही. शेजारी खुर्ची ओढून बसलो की विचारते, “तुम्ही कोणाकडे आलात?” स्वरात राग नसतो. परक्या माणसाशी बोलावे तशा अदबीने बोलते. मला ती अदब सोसत नाही.

ऊन उतरले की तिची घालमेल सुरू होते. “हे अजून आले नाहीत!” चादर चुरगळते, उठू पाहते. परिचारिका तिला धरून ठेवते. त्या वेळी मी बाहेर जातो. माझी जुनी डिझेल गाडी हिच्या खिडकीखाली उभी असते. ती आता कोठेही जात नाही. मी इंजिन सुरू करतो, गाडी फाटकापर्यंत मागे नेतो, पुन्हा पुढे आणतो. बंद करण्यापूर्वी ॲक्सिलरेटर एकदा दाबून सोडतो — आमच्या पिढीच्या चालकांची ही सवयच. मग चावी. मग दार. ते पहिल्या खेपेस कधीच लागत नाही, दोनदा ओढावे लागते.

मग मी आत जातो. ती उशीवर मान वळविते आणि म्हणते, “आलात?”

तेवढेच. थोड्या वेळाने पुन्हा ‘तुम्ही कोणाकडे’ सुरू होते. परंतु तेवढा वेळ मी या घरातला असतो.

हे काय चालते ते परिचारिकेस ठाऊक आहे. चिरंजीवांस नाही, ते घरी परततात तोवर सारे आटोपलेले असते.

९ मार्च

बागेतल्या बाकावर मास्तर भेटले. निवृत्त शिक्षक. वर्तमानपत्र माझ्या आधी वाचतात आणि घडी विस्कटून हाती देतात, एवढाच त्यांच्यात दोष. आज पान उघडूनच बसले होते.

“टॅक्सी, तुमच्या गाडीचे दिवस भरले म्हणायचे! जुन्या डिझेल गाड्यांना शहरात बंदी येतेय.”

“गाडीपेक्षा मी जुना आहे. मलाही भंगारात घालणार काय?”

“तुम्हाला कशाला? तुम्ही धूर नाही सोडत, नुसती वाफ सोडता.”

मी माझे मत सांगितले. धूर वाईट, हे मला कोणी शिकवू नये. सिग्नलवर उभे राहून मी तो जन्मभर गिळला आहे. परंतु या विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांसाठी कोठेतरी कोणाची तरी जमीन खणलीच जाते. आपले अंगण स्वच्छ करावे आणि केर दुसऱ्याच्या दारात लोटावा, याला प्रगती म्हणावे काय?

“मग करायचं काय? चालत जायचं?”

“आपण दोघे आलो ते चालतच ना!”

दोघेही खूप हसलो. हसून झाल्यावर ती बातमी मी पुन्हा वाचली. दोनदा.

१४ मार्च

सायंकाळी वीज गेली. सारी गल्ली अंधारात — आमचे घर लखलखीत! शेजारची मंडळी फाटकाशी येऊन पाहून गेली.

हिच्या गादीत हवा फिरविणारा पंप आहे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. पूर्वी वीज गेली की गादी बसत असे आणि आम्ही बापलेक तिला आळीपाळीने कुशीवर वळवीत असू. आज पंप एकदाही अडखळला नाही. मी जिन्याखाली जाऊन त्या बॅटरीसमोर उभा राहिलो. चिरंजीवांनी पाहिले.

“काय बाबा, पाणी घालताय?”

त्यांना उत्तर दिले नाही. येथे देतो : माझे मत चुकले होते.

१९ मार्च

हिला खोकला लागला आहे.

परिचारिका म्हणाली, “आजोबा, रागावणार नसाल तर सांगते. तुम्ही गाडी चालू केलीत की खोलीभर धूर होतो. त्यानंतरच खोकतात त्या.”

रागावलो. म्हटले, “खिडकी लावून घेत जा.”

तिने लावली. मी सर्व विधी यथासांग पार पाडून आत गेलो, तर ही दाराकडे डोळे लावून तशीच. आवाज पोहोचलाच नव्हता. “तुम्ही कोणाकडे आलात?”

२० मार्च

गाडी फाटकाबाहेर नेऊन सुरू केली. आवाज आत पोहोचला नाही.

२१ मार्च

खिडकी बोटभर उघडी ठेवली. आवाज आत गेला — “आलात?” म्हणाली आणि लगेच खोकल्याची उबळ. आवाज आणि धूर एकाच फटीतून शिरतात. थंड डिझेल इंजिन प्रथम सुरू होताना सर्वांत अधिक धूर ओकते, आणि माझे इंजिन रोज थंडच असते, कारण ते कोठे जातच नाही! इंजेक्टर साफ करून पाहिले. धुराच्या नळीला लांब पाइप जोडून तोंड गल्लीकडे केले. वारा उलटा होता.

२२ मार्च, रविवार

आज चिरंजीवांनी पकडले. घरीच होते.

“बाबा, ही गाडी तुम्ही रोज चालू करता? कुठे जायचं नाही, यायचं नाही, नुसता धूर! आईच्या खिडकीखाली!”

“बॅटरी उतरू नये म्हणून.”

“अहो, गाडी जाणारच आहे पुढच्या महिन्यात. मी नवीन इलेक्ट्रिक बुक केलीय. चार्जर तिथेच बसवायचाय, खिडकीखाली. कितीदा सांगितलं तुम्हाला!”

“माझ्या गाडीला हात लावायचा नाही.”

“हट्ट आहे नुसता! लोखंडाचा एवढा लोभ कशाला?”

लोखंडाचा लोभ. ऐकून घेतले. सूनबाई मध्ये पडल्या, “जाऊ द्या हो, त्यांचा जीव आहे गाडीत.” तेही ऐकून घेतले. खरे कारण ओठांवर आले होते. परंतु बायको आपल्याला दिवसातून एकदाच ओळखते, आणि तेही गाडीचा आवाज दिला तर — हे मुलाला कोणत्या तोंडाने सांगावे?

२३ मार्च

खोकला.

२६ मार्च

डॉक्टर येऊन गेले. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत होते. मी इंजिन ऐकतो तसेच — डोळे मिटून. मग विचारले, “घरात कोणी विडी-सिगारेट ओढतं का?”

“छे,” चिरंजीव म्हणाले.

“मग धूर कसला? यांच्या फुप्फुसांना आता एवढाही चालणार नाही. हे असंच राहिलं तर थोड्या दिवसांचा प्रश्न आहे.”

 परिचारिका पायाच्या अंगठ्याकडे पाहत होती. तिने माझे नाव घेतले नाही, हे तिचे उपकार.

मी म्हणालो, “धूर माझ्या गाडीचा आहे. गाडी जाईल.”

चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना वाटले, म्हातारा अखेर ताळ्यावर आला.

२८ मार्च, शनिवार

आज एकदाच, शेवटचे. परिचारिकेस सांगून ठेवले होते. तिने हिच्या नाकातोंडावर ओला रुमाल धरला आणि खिडकी सताड उघडली.

चावी फिरविली. पहिल्याच खेपेस सुरू झाली, गुणी बाळासारखी. मागे, पुढे. ॲक्सिलरेटर दाबला — जरा जास्तच वेळ दाबून धरला. मग सोडला. दार एकदा. दार दोनदा.

“आलात?”

“आलो.”

“आज उशीर केलात.”

“लांबचे गिऱ्हाईक होते. बाई माणूस, सोबत लहान मूल. रस्त्यात कसे सोडणार?”

“तुम्ही ना! सगळ्या गावाला घरी सोडाल नि स्वतः सगळ्यांच्या शेवटी याल.” हसली. मनगट पुढे केले, ते मी हातात घेतले. “हात किती थंड! काचा उघड्या ठेवून चालवलीत ना? अहो, वय झालं आता. उद्या लवकर या.”

“येतो.”

“नक्की?”

“नक्की,” असे म्हणालो. खरे लिहायचे ठरविले आहे म्हणून हेही लिहितो.

३० मार्च

भंगारवाल्याचा ट्रक आला. त्याने विचारले, “काही काढून घ्यायचंय का? आरसा, चाक?” मी म्हणालो, “नाही.” गाडी साखळीने ओढून वर चढविली. ती सुरू होत होती, तरी ओढून नेली. मी हिच्या खोलीत जाऊन बसलो. साखळीचा आवाज ऐकून हिने विचारले, “कोणाचं काय पडलं हो?”

३ एप्रिल

नवी गाडी आली. चिरंजीवांनी चावी — चावी कसली, पत्त्याएवढे कार्ड! — माझ्या हातात दिली. “पहिली फेरी तुम्ही मारा, बाबा.” हे त्यांनी चांगले केले.

अन्याय करणार नाही. गाडी उत्तम आहे. चढावर धापा टाकीत नाही, गिअरची मारामारी नाही, धूर नाही. छपरावरच्या उन्हावर चालते म्हणे, तेही पटले. परंतु उभी आहे की चालू, हे कळत नाही. मांजरासारखी अंगणात आली. उतरलो, दार लावले. मग पुन्हा उघडून पुन्हा लावले.

“बाबा, एकदाच लावायचं! लागतं ते!”

आत गेलो. ती दाराकडेच पाहत होती. “आमचे हे अजून आले नाहीत. तुम्हाला वाटेत दिसले का?”

“दिसले. येत आहेत.”

खोकला बराच कमी आहे.

७ एप्रिल

परिचारिकेने अखेर सूनबाईंना सारे सांगितले. सूनबाईंनी त्या शेवटच्या शनिवारी वरच्या खिडकीतून, सहज आठवण म्हणून, गाडीचे चित्रण केलेले निघाले. आज सायंकाळी तो मोबाइल बाहेर ओट्यावर ठेवून आवाज मोठा केला. माझे इंजिन!  ॲक्सिलरेटर, चावी, दार, दार.

मी आत गेलो. ती त्रासून म्हणाली, “कोणाचा तरी रेडिओ लागलाय. बंद करायला सांगा ना. यांची गाडी आली तर ऐकू कशी येणार मला?”

चिरंजीव दारात उभे होते. नंतर जिन्याखाली मला गाठले. डोळे लाल. “बाबा, सांगायचं होतंत. एकदा तरी.”

“सांगितले असते तर धूर कमी झाला असता काय?”

त्यांनी माझा खांदा धरला. बराच वेळ सोडला नाही. मीही सोडविला नाही.

१० एप्रिल

खोकला नाही. डॉक्टर म्हणतात, छाती स्वच्छ. आता ती दमेपर्यंत वाट पाहते. जेवणाला शिवत नाही. म्हणते, ते आल्यावर.

१२ एप्रिल, रविवार

आज सायंकाळी ती उठू पाहत नव्हती. मला म्हणाली, “तुम्ही रोज येऊन बसता, म्हणजे यांच्याच धंद्यातले असाल. खरं सांगा. घरचे मला सांगत नाहीत. गेले ना ते?”

चिरंजीव पुढे आले. मी हाताने थांबविले.

“हो. गेले.”

“त्रास झाला का?”

“नाही. गाडी जागेवर लावली. मग.”

“दार लावलं होतं?”

“दोनदा.”

पुष्कळ रडली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “तुम्हालाही वाईट वाटतंय. बसा. जेवूनच जा.” स्वतः चार घास जेवली आणि शांत झोपली.

सबब नमूद करतो की, या घरातील टॅक्सीचालकाचे आज निधन झाले. समक्ष हजर : चिरंजीव, सूनबाई, परिचारिका. आणि मी.