निळी पट्टी

आंधळगाव, मंगळवार, संध्याकाळ

सकाळीच शपथ घेतली होती की आता फक्त नाटकाचे पडदे रंगवायचे, पेटी वाजवणं बंद. दोन्हीकडे धावून एकही धड होत नाही. ह्यांना म्हटलं, पेटी माळ्यावर टाका. "बरं," म्हणाले. नवऱ्याने एवढ्या लवकर ऐकलं, तेव्हाच कळायला हवं होतं!

मग दिवसभर जंगलाचा पडदा रंगवला. झाडं झाली, नदीला हात घातला, आणि नदी रंगवता रंगवता एक चाल सुचली. अगदी नवी. निसटली असती तर? उठले. पेटी पडद्यामागेच होती, माळ्यावर गेलीच नव्हती. तशाच ओल्या हाताने वाजवली. चाल सापडली, पण एक पांढरी पट्टी निळी झाली.

ओलं फडकं घेऊन पुसायला बसले, तर हे म्हणतात, "कायले पुसून राहिली? ते हिरवी पट्टी मागच्या सालच्या शपथेची, पिवळी त्याच्या आधीची. दरवर्षी माळ्यावर कायले चढू मी?"

इतकी हसले की ठसका लागला. हिरवी, पिवळी रोज बोटांखाली येतात, पण हे कधी डोक्यातच आलं नाही. मी अशी कशी? असू दे. नदी उद्या पुरी करीन. चाल मात्र आत्ताच पुन्हा वाजवून आले.

निळी पट्टी पुसली नाही. यापुढे शपथ घ्यायची तर आधी रंग ठरवावा लागेल.