निकटचा संबंध

मी, खाली सही करणारी, अंधांसाठी ठिपक्यांची पुस्तके छापणाऱ्या छापखान्यातून निवृत्त झालेली, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कुणीही कानाशी न लागता लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. राग आहे, पण रागामुळे मृत्युपत्र रद्द होत नाही, हे मी वकीलबाईंना विचारून घेतले आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते. त्यात माझे घर जिच्या नावे होते, तिचा उल्लेख पुढे येईल.

कलम १. माझे राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि कधीच नीट न लागणारे गॅलरीचे दार, माझ्या भाच्याला द्यावे. त्याला माझ्या कलम ३ मधल्या निवृत्तीनंतरच्या कामात काडीचा रस नाही आणि त्याने तसे सोंगही कधी आणले नाही. "आत्या, या भांडणांचा पगार मिळतो का गं तुला?" एवढे विचारतो, आणि विचारता विचारता गळका नळ दुरुस्त करून जातो. घराची दुसरी किल्ली सध्या परक्या हातात आहे. माझ्या पश्चात ती परत आली नाही, तर त्याने कुलूप बदलावे.

कलम २. बँकेतली शिल्लक छापखान्याला द्यावी, पण फक्त कागदासाठी. खुर्च्यांसाठी नाही, समारंभासाठी नाही, भिंतीवर माझा फोटो लावण्यासाठी तर मुळीच नाही.

कलम ३. संगणक जुना आहे; ज्याला हवा त्याने न्यावा. त्यातले माझे एक खाते मात्र कुणालाही देता येत नाही. निवृत्तीनंतर मी इंटरनेटवरच्या एका ज्ञानकोशाची बिनपगारी संपादक झाले. तिथे कुणीही लिहावे, कुणीही तपासावे. तिथले माझे नाव 'काटेकोर'. ज्याचे खाते त्याने एकट्यानेच वापरायचे असा नियम आहे, तेव्हा ते माझ्याबरोबर संपावे.

नवख्याने हौसेने लेख लिहावा आणि तासाभरात त्यावर 'हा लेख काढून टाकण्याचा प्रस्ताव आहे' अशी पाटी लागावी, हे तिथे रोजचेच. मग माणसे रडतात, शिव्या देतात, पाटीच उपटून टाकतात, नाहीतर घरातल्या झाडून सगळ्यांना खाती उघडायला लावून 'ठेवा, ठेवा' असा गलका करतात. अशांना धरून बसवण्याचे काम मी अंगावर घेतले. मी सांगत असे: पाटी म्हणजे थोबाडीत नव्हे. आठवडाभर चर्चा चालते आणि तिच्यात डोकी मोजत नाहीत, पुरावा तोलतात. 'त्याचा ठेवला, मग माझा का नाही' हे बोलू नका. विषयाशी काही देणेघेणे नसलेल्या माणसाने कुठेतरी छापलेले शोधून आणा. ओळखीच्या माणसाच्या लेखाच्या बाजूने मत देऊ नका, आणि ओळखीच्यांना मत द्यायला बोलावू नका. हे सगळे मी तिथे एका पानावर लिहून ठेवले आहे. तिथे लिहिलेले सगळ्यांचे होते. त्यामुळे ते पान मला कुणाच्या नावे करता येत नाही, आणि कुणाच्या हातून काढूनही घेता येत नाही.

कलम ४. तिथेच मला मुंगी भेटली. हे तिचे तिथले नाव. विस्मरणात गेलेल्या एका हॉकी खेळाडू बाईंवर तिने लेख लिहिला होता, त्याला पाटी लागली होती, आणि पाटी लावणाऱ्याला तिने गाढव म्हटले होते. मी तिला आधी माफी मागायला लावली, मग वाचनालयात नेले. जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांत बसून, शिंकून शिंकून नाक लाल होईपर्यंत, आम्ही त्या बाईंच्या सामन्यांच्या बातम्या शोधून काढल्या. लेख राहिला. मुलगीही माझ्याकडेच राहिली म्हणायची. दर रविवारी जेवायला यायची, मावशी म्हणायची, काय केले आहे ते न विचारता ताट पुढे ओढायची. माझ्या आजारपणात मी तिला घराची किल्ली दिली. पुढे तिला तिथे लेख काढण्याचा अधिकार मिळाला, तेव्हा मी सगळ्या जिन्याला थांबवून थांबवून सांगितले.

कलम ५. दुसऱ्यांचे लेख वाचवता वाचवता मी स्वतःचा असा एकच लिहिला, मोठ्या बाईंवर. आमचा छापखाना त्यांनी उभा केला. अंध मुलांच्या बोटांना जग कळावे म्हणून त्या हाताने नकाशे करत. नदीला सुतळी, डोंगराला सरसात कालवलेला भुसा, गावाला टाचणीचे डोके. देशांच्या सीमा मात्र शिंप्याच्या दातेरी चाकाने, जाड कागदाच्या मागच्या बाजूने टोचून. मी मूळ प्रत मोठ्याने वाचत असे, समोरचा अंध सहकारी छापलेल्या ठिपक्यांवरून बोट फिरवून चुका धरत असे, आणि आमच्या मागे ते चाक करकरत असे. एकदा वर्तमानपत्राचा माणूस मुलाखतीला आला. बाईंनी त्याला दारातच विचारले, "तुमचा पेपर माझ्या मुलांना वाचता येतो का? नाही ना? मग मला काय उपयोग?" तो गेला. नंतर आलेलेही तसेच गेले. म्हणून बाईंबद्दल बाहेर कुठे एक ओळ छापलेली नाही. जे आहे ते आमच्याच छापखान्याच्या अहवालांत आणि माझ्या डोक्यात.

त्या लेखाला पाटी लागली. लावणारी मुंगी. कारण दिले ते असे: 'स्वतंत्र छापील संदर्भ आढळत नाहीत. लेखिकेचा विषयाशी निकटचा संबंध आहे.'

पहिले वाक्य कुणीही लिहिले असते. दुसरे फक्त माझ्या टेबलाशी जेवलेल्या माणसाला लिहिता येते. मी मोठ्या बाईंच्या हाताखाली होते, हे तिथे कुणालाही ठाऊक नव्हते. ते मी तिला वाढता वाढता सांगितले होते. आदल्याच रविवारी ती जेवून, भांडी विसळून गेली, आणि तोंडातून चकार शब्द नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या सिस्टर हातावर पट्टी मारत, पण आधी समोर उभे करून कारण सांगत.

मी फोन केला. ती म्हणाली, "मावशी, नियम तुम्हीच शिकवलात."

"सांगून करायचं, हेही शिकवलं होतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही मला थांब म्हणाला असतात. आणि मी थांबले असते."

"मग थांबायचं होतंस."

"दुसऱ्या कुणी पाटी लावली असती, तर तुम्हाला इतकं लागलं असतं का?"

"दुसऱ्या कुणाकडे माझ्या घराची किल्ली नाही," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

कलम ६. चर्चेच्या पानावर आठवडाभर कुणी फिरकले नाही. ज्यांचे लेख मी वाचवले ते सगळे रोज तिथे डोकावत होते, हे मला पक्के ठाऊक आहे. शेवटी त्यांच्यातल्या दातांच्या डॉक्टरने निरोप धाडला, की मॅडम, ओळखीच्या माणसाच्या लेखाच्या बाजूने मत द्यायचे नाही असे तुमच्याच पानावर आहे, म्हणून आम्ही सगळे गप्प बसलो; तुम्हाला आमचा अभिमानच वाटेल. अभिमान. मीही कुणाला हाक मारली नाही. तेही माझ्याच पानावर आहे. लेख गेला. 'ठेवा' म्हणणारा एक आवाज उठला नाही. या शिष्यवर्गाला मी काहीही देत नाही. दातांच्या डॉक्टरला तर आभारसुद्धा नाहीत; त्याने बसवलेली दाढ अजून हलते.

कलम ७. पैसे देऊन बाईंवर एखादे पुस्तक लिहून घ्यावे, असे भाच्याने सुचवले. पैसे देऊन लिहून घेतलेले पुरावा होत नाही. आणि झाले असते, तरी बाईंनी मलाही दारातून परत पाठवले असते. छापखान्याने जागा नाही म्हणून मला देऊन टाकलेले त्यांचे नकाशे माझ्या कपाटावर आहेत. ते सार्वजनिक संग्रहालयाला द्यावेत. अट एकच, ते काचेआड ठेवू नयेत. येणाऱ्याने बोट फिरवावे. कधीतरी मला न ओळखणारे, बाईंचे नावही न ऐकलेले कुणीतरी येईल, त्याच्या बोटाला सुतळी लागेल, आणि तो विचारेल, हे केले कुणी? त्याने शोधावे, त्याने छापावे. मला तेवढा वेळ नाही, नकाशांना आहे.

कलम ८. मोठ्या बाईंचे दातेरी चाक मुंगीला द्यावे.

यावर वकीलबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, म्हणून खुलासा करते. ही माया नव्हे. हे चाक तिने घेतले, की मोठ्या बाईंशी तिचाही निकटचा संबंध जडला. उद्या कुणी नवख्याने बाईंवर लेख लिहिला, तर मुंगीला त्यावर पाटी लावता येणार नाही, तो काढता येणार नाही, चर्चेत मतही देता येणार नाही. नियम तिला पाठ आहेत आणि ती ते पाळते, हे मी माझ्या खर्चाने पाहिले आहे. पाटी दुसरा कुणीतरी लावेलच. तेव्हा तिला एवढेच करता येईल: त्या नवख्याशेजारी बसायचे, शिव्या देऊ नकोस म्हणून सांगायचे, आणि पुरावा कुठे शोधायचा ते दाखवायचे. एवढ्याला नियमात बंदी नाही. चाक नको असेल, तर तिने तसे लिहून द्यावे. ते नकाशांबरोबर जाईल आणि ती मोकळी होईल.

किल्ली मी मागणार नाही. ती तिने स्वतः आणावी, आणि समोर उभे राहून द्यावी.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. कलम ६ मधील दाढेचा उल्लेख गाळावा असा त्यांचा आग्रह होता; तो मी मान्य केलेला नाही. साक्षीदार म्हणून माझे डॉक्टर आणि खालच्या मजल्यावरचा चष्मेवाला यांनी मला सही करताना पाहिले आणि माझ्यासमोर सह्या केल्या. दोघांनाही यात काही मिळत नाही. ज्याला काही मिळते त्याला मी साक्षीला बसवत नाही, म्हणून मुंगीला बोलावलेले नाही.

ठिकाण: माझे घर, जेवणाचे टेबल
दिनांक: सहीखाली, माझ्या हाताने
वार: रविवार

सही: (काटेकोर)

साक्षीदार पहिला: डॉक्टर
साक्षीदार दुसरा: चष्मेवाला