सहा-दहाची बस

ब्रिनगारेग, ९ सप्टेंबर १९८४

चि. नेस्ता हिस ताईचे अ. उ. आ.

कार्डिफला गेल्यापासून तू तीन ओळींत पत्र संपवतेस. सरकारी कचेरीत दिवसभर टाइप करून तिची बोटं दमतात, असं मी चॅपलमध्ये प्रार्थनेला भेटणाऱ्यांना सांगते. खरं काय ते तुलाच ठाऊक.

आज काम आहे म्हणून लिहितेय. पाटीच्या दगडाची खाण बंद झाल्यापासून इद्वल घरीच आहे. आता एक हातमोजेवाला आपल्या जुन्या शाळेत कारखाना काढायचा म्हणतोय. साठ जणांना काम मिळेल आणि मशीनच्या दुरुस्तीला इद्वलला घेईन, असं त्याने तोंडावर कबूल केलंय. अट एकच, गाव सरकारी मदतीच्या यादीत आलं पाहिजे, आणि ती यादी तुझ्याच कचेरीत बनते. नाहीतर तो दुसरीकडे जाणार, आणि इद्वल कामासाठी तिकडे इंग्लंडात, ल्यूटनला भावाकडे. लग्नाच्या तेवीस वर्षांत हा माणूस एक दिवस घर सोडून राहिलेला नाही. त्याला कपाटातले मोजे सापडत नाहीत, ल्यूटन काय सापडणार?

इथे दर चार पुरुषांत एक बेकार आहे. याहून मागास कसं व्हायचं, ते तुझ्या साहेबांना विचारून कळव. मनुकांचा पाव पाठवतेय, तो साहेबांना देऊ नकोस.

तुझी,
एलुनेड

कार्डिफ, १७ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

पाव मी एकटीने संपवला.

नियम असा आहे की गाव एकटं मोजत नाहीत. जिथली माणसं रोज जिथे कामाला जातात, ती दोन्ही ठिकाणं मिळून एकच धरतात. आबेरवेनला धातूचा मोठा कारखाना आहे, तिथे बेकार थोडे. ब्रिनगारेग त्याला जोडलं की सरासरीत तुमची बेकारी दिसेनाशी होते.

जोडलंय कशाने, ते मी तीनदा वाचलं. सकाळी सहा-दहाच्या बसने चौतीस जण आबेरवेनला कामाला जातात, असं टिपणात आहे. त्यातली एक तू. आणि ताई, ती बस तूच आणलीस. सहा वर्षं अर्ज केलेस, बसकंपनीच्या दारात छत्री घेऊन उभी राहिलीस. हे लिहिताना मला फार वाईट वाटतंय.

तुमच्या गावाने घेतलेल्या हरकतीवरून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात फेरमोजणीला माणूस येईल. तो थांब्यावर उभा राहून डोकी मोजेल. वीसच्या आत भरली तर गाव वेगळं धरतील. मी काही सुचवत नाहीये.

तुझी धाकटी,
नेस्ता

ब्रिनगारेग, ६ ऑक्टोबर

चि. नेस्ता, अ. उ. आ.

तू सुचवलं नाहीस, पण गावाला तेवढं सुचतं. रविवारी प्रार्थनेनंतर सभा झाली. आठवडाभर बसमध्ये कुणी चढायचं नाही, यावर एकमत होत आलं. घरी बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असं पाद्रीबाबाही म्हणाले. तेव्हा आबेरवेनच्या रुग्णालयात धोबीखान्यात नुकतीच लागलेली ग्लेनिस हळूच म्हणाली की आठवडाभर गेले नाही तर माझी जागा जाईल. तिला कुणी उत्तर दिलं नाही. मीही नाही, आणि त्याची मला लाज वाटते. मला इद्वल घरी हवा होता.

मग इद्वलच उठला. चॅपलमध्ये तो गाण्यापुरतं तोंड उघडतो. तो म्हणाला की या बायकांना बसमध्ये बसता यावं म्हणून एलुनेड सहा वर्षं पावसात उभी राहिली, आता माझ्यासाठी त्यांना उतरवणार असाल तर ती नोकरी मला नको. एवढं बोलून माझ्याकडे वळला आणि म्हणाला, चल, तुला पहाटे उठायचंय.

सोमवारी थांब्यावर आम्ही चौतीसच्या चौतीस होतो. तुमच्या कचेरीचा माणूस गारठला होता. ग्लेनिसने त्याला आपल्या थर्मासमधला चहा दिला.

तुझी,
एलुनेड

कार्डिफ, २९ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

यादी निघाली. मीच टाइप केली. तुमचं नाव जिथे आलं असतं तिथे माझी बोटं थांबली. एक नाव जास्तीचं घालायला वेळ लागत नाही. घातलं नाही. रागावू नकोस.

नेस्ता

ब्रिनगारेग, १० डिसेंबर

चि. नेस्ता, अ. उ. आ.

रागावले नाही. घातलं असतंस तर नोकरीला मुकली असतीस, आणि मला दोघांची काळजी.

इद्वल आज गेला. ल्यूटनची गाडी आबेरवेनहून, म्हणून तो आमच्याच बसने आला. मोज्यांचे सहा जोड गाठी मारून पेटीत वरच ठेवलेत. ग्लेनिसने उठून माझ्या शेजारची जागा त्याला दिली. रस्ताभर आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत होतो. उतरल्यावर तो स्टेशनकडे गेला आणि मी कामावर, तिथल्या शाळेच्या स्वयंपाकघराकडे. दोनशे पोरांचे बटाटे सोलायचे होते, ते बरं झालं.

गावच्या बेकारांत आता एक कमी झाला, म्हणजे तुमच्या हिशेबाने आम्ही आणखी सुधारलो. तुझ्या साहेबांना सांग. आज बसमध्ये आम्ही पस्तीस होतो. उद्या पुन्हा चौतीस.

लोभ आहेच, तो घेऊन नाताळात ये.

तुझी ताई,
एलुनेड