चांदण्या गिळल्या

३ मार्च, मंगळवार

ठळक झालं! शब्दाच्या आधी दोन चांदण्या, म्हणजे कीबोर्डवरची ती ताऱ्याची खूण, नंतर दोन चांदण्या — आणि शब्द छाती काढून उभा! एकच चांदणी दिली की तिरका होतो. ओळीच्या आधी त्या आडव्या-उभ्या रेघांची जाळी दिली की मथळा. मी आज दुपारभर हेच करत होते. वय वर्षं सेहेचाळीस.

झालं असं, की विणकामाच्या फोरमवर दोन वर्षं नुसतं वाचत होते, काल पहिल्यांदा लिहिलं. आईच्या विणीच्या नमुन्यांच्या कार्डांबद्दल. सगळं एका दमात, एका ढिगात. खाली ‘उलटा टाका’ नावाच्या बाईंनी लिहिलं — ताई, मजकूर छान आहे, पण भिंत झाली आहे. दारं-खिडक्या काढा. आणि चिन्हांची यादीच पाठवली. मी एकेक करून पाहिलं. नवरा मागून डोकावला, म्हणाला, पोस्ट आहे की औषधाच्या दुकानाची पाटी? मान्य. सगळंच ठळक केलं होतं.

आईकडे एकेचाळीस कार्डं आहेत. बिस्किटांच्या डब्यात. ती लोकरीच्या वर्कशॉपमध्ये कामाला होती, त्या दिवसांतली. अर्धांगाच्या त्या झटक्यानंतर तिच्या उजव्या हाताची बोटं ऐकत नाहीत, आणि बोटांपेक्षा तीच ऐकत नाही. व्यायामवाल्या बाई येतात, रबरी चेंडू देतात, ती तो उशीखाली सारते. सुया दाखवल्या की मान फिरवते. तिची ती आखूड लिपी तिच्याशिवाय कुणाला कळत नाही. ती सांगू शकते आहे तोवर हे सगळं कुठेतरी उतरवलं पाहिजे. तिचं काहीतरी कुणीतरी विणलं पाहिजे. ते बघून तिला पुन्हा विणावंसं वाटलं, तर — पण एवढं पुढचं लिहीत नाही.

६ मार्च, शुक्रवार

पानांची शाल फोरमवर टाकली! डब्यातलं सगळ्यात मळकं कार्ड, सगळ्यात सुंदर वीण. मथळा मोठा — ‘आईची पानांची शाल’. खाली ठळक ओळ — ‘ही वीण माझ्या आईने स्वतः रचली.’ आणि मग ती गोष्ट, जी ऐकत आम्ही वाढलो : आई वर्कशॉपमध्ये नवी होती, मास्तरांनी नमुन्यांच्या ढिगातून नेमका हा उचलला, कुणाचा म्हणून विचारलं, आणि महिन्याभरात आई मशीनवरून नवे नमुने रचायच्या टेबलावर गेली. मग निवृत्त होईपर्यंत तिथेच.

कार्ड जसंच्या तसं उतरवलं, एकही खूण न बदलता. गंमत म्हणजे मधले मधले तुकडे फोरमने आपणहून तिरक्या अक्षरांत केले. किती छान दिसतात! मी आईला नेऊन दाखवलं. कशाला एवढं मोठं अक्षर, म्हणाली. पण पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

७ मार्च

एकोणीस जणी विणायला बसल्या! एकोणीस!!

१२ मार्च, गुरुवार

मेले.

सकाळी दुकानात पोचले, चष्म्यांचे ट्रे पुसून लावले आणि फोन उघडला, तर फोटोंची रांग. वीतभर झालेल्या शाली. सगळ्या वाकड्या! पानं सगळी एका काठाला गोळा, उरलेली शाल टकलासारखी गुळगुळीत. एकीची तर शेपटीसारखी वळली होती. सगळ्यांचा एकच प्रश्न, ताई, आमचं काय चुकलं?

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आईच्या कार्डावर चांदणी ते चांदणी म्हणजे तेवढा भाग ओळ संपेपर्यंत पुन्हा पुन्हा विणायचा. कोणतीही विणणारी बाई असंच लिहिते. आणि फोरमला चांदणी म्हणजे काय — तिरकं अक्षर! त्याने चांदण्या गिळल्या आणि मधला मजकूर तिरका करून ठेवला. बायांनी तो एकदाच विणला आणि पुढे साधे टाके. आणि मी? मला वाटलं, सजवलंय!

शोधून काढलं ते उलटा टाका बाईंनीच. उपायही त्यांनीच दिला. चांदणीच्या आधी एक उलटी तिरपी रेघ द्यायची. म्हणजे फोरमला सांगायचं, बाबा रे, ही तुझी नाही, आमची आहे, हात लावू नकोस. छत्तीस चांदण्या. गिऱ्हाईकांच्या मधून मधून, काउंटरखाली फोन धरून, छत्तीस रेघा दिल्या. कार्ड शेजारी ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली — जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. डोळे तपासणारे आमचे सर म्हणाले, मॅडम, तुमचा नंबर काढू का फुकटात?

१३ मार्च, शुक्रवार

माफी मागितली. कुणी रागावलं नाही. सगळ्या उसवायला बसल्या आहेत. एकीने मात्र वाकडी तशीच ठेवली — तिच्या कुत्र्याला बरोबर बसली म्हणे, फोटोही टाकला!

तो फोटो आईला दाखवला आणि आई हसली. हसली! त्या झटक्यानंतर पहिल्यांदा. ओठ एका बाजूने वर गेले, खांदे हलले, डोळ्यांतून पाणी. मास्तर असते तर तुला दिवसभर दाराबाहेर उभं केलं असतं, म्हणाली. मग एका वाकड्या शालीचा फोटो मोठा करायला लावला आणि टाके मोजू लागली. उजव्या हाताच्या बोटाने! बोट थरथरत होतं, भलत्याच टाक्यावर जात होतं, ती पुन्हा आणत होती. मी फोन स्थिर धरून उभी. काही बोलले असते तर तिने हात मागे घेतला असता.

१५ मार्च, रविवार

आता सकाळी चहाच्या आधी विचारते — कोण आलं? म्हणजे फोरमवर. मी वाचून दाखवते. कोण शिकाऊ, कोण मुरलेली, हे ती प्रश्नावरून ओळखते. चेंडू उशीखालून बाहेर आला आहे. त्याच्याबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही.

१७ मार्च, मंगळवार

निवड झाली!! फोरमच्या यंदाच्या संग्रहात आईची शाल! सगळ्या नमुन्यांतून अकरा घेतात. फोरम चालवणाऱ्या बाईंचं पत्र आलं : शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता पानाला कुलूप लागेल, त्यानंतर एक अक्षरही बदलता येणार नाही, काय सुधारायचं ते तोवर सुधारा. रचणारीचं नाव मथळ्याखाली असू द्या. मी स्वयंपाकघरात गिरकी घेतली, नवऱ्यालाही घ्यायला लावली. त्याचा गुडघा वाजला.

आई अर्धवट जेवली. झोपते म्हणाली. आनंदाचाही शीण होतो माणसाला.

१९ मार्च, गुरुवार

आज एक खासगी निरोप आला. ‘करडी लोकर’ नावाची बाई. जवळजवळ तोंडपाठ झालाय.

चांदण्या परत आल्यावर तिने शाल विणली. अकराव्या ओळीत जाळीचं भोक एक टाका अलीकडे घेतलं आहे, त्यामुळे पान वळतं, हे तिच्या हाताला आधीपासून माहीत होतं. तिच्या आईने शिकवलं होतं. आई म्हणायची, हे मी माझ्या डोक्यातून काढलं, आणि वर्कशॉपमध्ये शेजारच्या मशीनवरच्या एका मैत्रिणीला तेवढं दाखवलं. ‘भांडायला लिहीत नाही, ताई. आईला आता जवळजवळ दिसत नाही. शाल हातात दिली तर बोटांनी चाचपून ती अकराव्या ओळीवर थांबली. तुमच्या आईंना हे कसं सुचलं, एवढंच विचाराल का?’

मी किती खूश झाले! आईची मैत्रीण सापडली! धावत गेले, मोठ्याने वाचून दाखवलं. आईने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, “उत्तर देऊ नकोस.” आणि डोळे मिटून घेतले.

दोन बायकांना एकच गोष्ट सुचू शकते. एकाच वर्कशॉपमध्ये, एकाच लोकरीवर — का नाही सुचणार? दुकानात दिवसभर हेच स्वतःला सांगत होते. एका आजोबांना वाचायच्या चष्म्याऐवजी लांबचा दिला.

उद्या पाच वाजता कुलूप. आणि ती ठळक ओळ मी लिहिली आहे. माझ्या हाताने.

२० मार्च, शुक्रवार

अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. चार वाजता आईने हाक मारली. पान उघड म्हणाली.

“कार्डावरचं अक्षर माझं आहे. वीण तिची. ती बाळंतपणाला गेली होती. मास्तरांनी विचारलं कुणाची, तर मी माझी म्हटलं. ती परत आली तेव्हा मी नमुन्यांच्या टेबलावर होते. काही बोलली नाही. महिन्याने काम सोडलं तिने.”

मी ती ठळक ओळ पुसायला घेतली.

“पुसू नकोस. खोड. खोडलेलं वाचता येतं ना त्याच्यात?”

येतं. आधी दोन नागमोडी रेघा, नंतर दोन. ओळ तशीच राहते, मधून रेघ जाते. त्या चिन्हाला घरच्या संगणकावर दोन बटणं एकदम दाबावी लागतात. खालचं मी दाबून धरलं. वरचं तिने दाबलं, उजव्या हाताने. चार वेळा. एकदा चुकलं, पुन्हा दाबलं. मग मला त्या मैत्रिणीचं नाव सांगितलं, अख्खं, माहेरच्या आडनावासकट, एकदाही न अडखळता. ते मी मथळ्याखाली घातलं. इतकी वर्षं ते नाव आमच्या घरात कुणी ऐकलं नव्हतं.

पाच वाजून गेले आहेत. आई विचारते, ती वाचेल का. म्हटलं, आई, त्यांना दिसत नाही आता.

“लेक वाचून दाखवेल,” म्हणाली.