तारखेचा अध्याय

नागपूर, ३० नोव्हेंबर

प्रिय मुकुंदा,

फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतोस, म्हणून हा कागद. पुण्यात बसून रुसायला तुझं काय जातं! डिसेंबरात ऋतुजाशी कोर्टात लग्न करणार आणि आईला बोलावणार नाही, हे मला तुझ्या मावशीकडून कळावं? हद्द झाली रे बाबा.

आणि भांडण कशावरून, तर मी मेसेजवर शास्त्र पाठवलं! पोरांना शहाणपण यावं म्हणून बायबलातल्या शलमोन राजाच्या नीतिसूत्रांचे एकतीस अध्याय, तारखेप्रमाणे रोज एक. तू पाचवीत होतास तेव्हापासूनचा आपल्या घरचा नेम. चर्चच्या रविवारच्या शाळेत तीस वर्षं मी ते पाठ करून घेतले, एका पोराची आई भांडायला आली नाही. पाच, सहा, सात तारखेला परक्या बाईपासून जपायला सांगणारे अध्याय येतात, त्याला मी काय करू? कॅलेंडर मी छापलं का? तू ते थेट ऋतुजावर ओढून घेतलंस, का तर ती इतवारीच्या विणकरांची, आपल्या चर्चची नाही.

तुला कळवलं नाही, पण या सात तारखेला माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. धंतोलीत पावलापावलाला दवाखाने, अन् माझं नशीब बघ, मी गेले तिथंच काउंटरवर तुझी ऋतुजा! मी तोंड फिरवलं. ती उठून आली आणि एकट्याच काहून आल्या म्हणून मलाच रागावली. ड्युटी संपल्यावर माझ्याजवळ बसली. डोळ्यावर पट्टी, तारखेचा अध्याय राहिलेला, मी नुसती चुळबुळ करून राहिले होते. तिनं माझ्या पिशवीतून माझं शास्त्र काढलं. नको नको म्हणेपर्यंत सातवा अध्याय उघडलासुद्धा.

मुकुंदा, त्या पानावर माझ्या लाल पेन्सिलीच्या रेघा आहेत. समासात तुझं नाव आणि खाली तिचं. हो, मीच लिहिलं. कॅलेंडरचं सांगितलं ते अर्धंच खरं होतं. पोरीनं ते पाहिलंच असणार, तरी अध्याय शेवटपर्यंत वाचला, आवाज जरा हलला नाही. उद्याचाही वाचायला घरी येऊ का, असं विचारलं. डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका असं डॉक्टर बजावून गेले होते, आणि मला रडू आवरेना. शेवटी नर्सला बोलावून पट्टी बदलावी लागली.

ती खरंच आली, आठ दिवस. आठव्या अध्यायात शहाणपण बाई होऊन रस्त्यावर हाक मारतं. इतकी वर्षं शिकवलं, ऐकलं मात्र त्या दिवशी. तुला ती एका शब्दानं बोलली नाही ना? वाटलंच मला.

एकतिसावा अध्याय गुणी बाईचा. सून उंबरठ्याच्या आत आली की आपल्याकडे सासू तो वाचते. तुझ्या आजीनं माझ्यासाठी वाचला होता. नोव्हेंबरला एकतीस तारीखच नाही, आणि मला आता तारखेची वाट बघवत नाही. लग्नाला मला बोलाव रे, आणि तिला घेऊन घरी ये. अध्याय वाचून झाला की लाल पेन्सिल तिच्या हातात देणार आहे. मला कुठल्या ओळी लागू पडतात त्यांवर तिनं खुणा कराव्यात आणि समासात माझं नाव लिहावं. माझं चुकलं, हे तिला समोर बसवून सांगायचं आहे.

तुझीच, अजून शिकून राहिलेली,
आई